वायूचा लोट कोकणावर येणार का? कोणत्या उपग्रहावर भिस्त ठेवायची

23 नोव्हेंबर 2025 रोजी इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. राख आणि सल्फर डायऑक्साइड वायूचा लोट सुमारे 14 किमी उंच गेला आणि अरबी समुद्र ओलांडून भारतावर आला. तिथून रत्नागिरी साधारण 3500 किमी. वर वारा ताशी 100 किमी असला, तर हाताशी जेमतेम दीड दिवस राहतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात बसून तेवढ्यात अंदाज बांधायचा, तर तीन वाटा आहेत आणि तिन्ही फुकट: ट्रोपोमी या उपग्रहावरच्या वायू मोजणाऱ्या उपकरणाची मोजणी घेऊन स्वतः हायस्प्लिट हे हवेचा मार्ग काढणारं मॉडेल चालवणं, पृथ्वीच्या एकाच भागावर सतत नजर ठेवणाऱ्या भूस्थिर उपग्रहाची चित्रं पाहत राहणं, नाहीतर कॅम्स या युरोपीय वातावरण सेवेचा तयार अंदाज उघडणं.

वायू नेमका कुठे आणि किती, हे ट्रोपोमीइतकं स्वच्छ दुसरं कोणी सांगत नाही. एक ठिपका 5.5 बाय 3.5 किमीचा. पण पाहणी दिवसातून एकदाच, स्थानिक दुपारी दीडच्या सुमारास. शिवाय कोकणाचा पट्टा आधी टिपला जातो आणि त्याच्या पश्चिमेचा समुद्र पुढच्या फेरीत, सुमारे 100 मिनिटांनी. तेवढ्यात लोट 170 किमी पूर्वेला सरकलेला असतो, म्हणून दोन पट्ट्यांच्या शिवणीवर तेवढा वायू दोन्हींतून निसटू शकतो. चित्रात लोट तुटलेला दिसला तर तो विरला असं समजू नका.

फाईल उघडली की खरी गोम कळते. सल्फर डायऑक्साइडचे आकडे वायू 1, 7 किंवा 15 किमीवर आहे असं धरून वेगवेगळे दिलेले असतात. वायू 14 किमीवर असताना 1 किमीचा रकाना उचलला, तर प्रमाण कितीतरी फुगतं. गुणवत्ता निर्देशांक 0.5 च्या वरचेच ठिपके घ्या. एकक मोल प्रति चौरस मीटर असतं. 2241 ने गुणलं की डॉब्सन, म्हणजे हवेच्या उभ्या स्तंभातला वायू मोजायचं नेहमीचं एकक, मिळतात.

हायस्प्लिटमध्ये सुरुवात ज्वालामुखीच्या मुखापासून करण्याऐवजी समुद्रावर दिसलेल्या लोटाच्या पुढच्या टोकापासून करा, आणि 3, 6, 9, 12, 15 किमी अशा पाच उंचींवरून 72 तासांचे मार्ग काढा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत भरायची. साडेपाच तास वजा करायचे राहिले, तर ताशी 100 किमीच्या वाऱ्यात साडेपाचशे किमीची चूक होते. पाच उंचींचा खटाटोप कशासाठी, ते पावसाळ्यात कळतं. जून ते सप्टेंबर दीड किमीवर नैर्ऋत्येचा वारा थेट कोकणाकडे येतो, तर 14-15 किमीवर दक्षिण भारतावरून पूर्वेचा झोत आफ्रिकेकडे धावत असतो. एकाच स्फोटातला खालचा वायू मालवणकडे यायचा आणि वरचा उलट दिशेने जायचा. उंची चुकली की दिशाच चुकली.

भूस्थिर उपग्रहाची मजा म्हणजे तो रात्रीही पाहतो. मीटिओसॅट-9 दर 15 मिनिटांनी चित्र देतो, आणि त्याच्या राखेसाठीच्या रंगचित्रात सल्फर डायऑक्साइड ठळक हिरवा, राख लालसर गुलाबी दिसते. इन्सॅट-3डीएस दर अर्ध्या तासाने. 10.8 आणि 12 मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरींवर मोजलेल्या तापमानांतला फरक ऋण आला की राखेचा संशय घ्यायचा. मात्र वायूसाठी लागणारा 8.7 मायक्रॉनचा पट्टा इन्सॅटच्या इमेजरमध्ये नाही. म्हणून वायूसाठी मीटिओसॅटच. त्यातून प्रमाणाचा आकडा मात्र सहजी निघत नाही आणि पावसाळी ढगांच्या खालचं काही दिसत नाही.

कॅम्सला कष्ट नाहीत. पाच दिवसांचा अंदाज, दिवसातून दोनदा, जाळी सुमारे 40 किमीची. पण दुपारच्या फेरीनंतर फुटलेला ज्वालामुखी ट्रोपोमीमार्फत त्यात दुसऱ्या दिवशीच शिरतो. आणि नुसत्या एकूण प्रमाणावरून मॉडेलला उंची कळत नाही, ती गृहीत धरावी लागते. एकट्या कॅम्सवर आम्ही तरी विसंबणार नाही.

हाताशी एकच माणूस असेल तर रात्रभर मीटिओसॅट, दुपारनंतर ट्रोपोमी आणि हायस्प्लिट, आणि कॅम्स फक्त ताळा घ्यायला. विमानांचा प्रश्न असेल तर यातलं काहीच नको. राखेच्या अधिकृत सूचना दर सहा तासांनी निघतात, त्याच पाहायच्या.

श्वासाचा प्रश्न असेल तर गणित वेगळं. 12 किमीवरचा लोट हर्णैच्या जेटीवर कुणाच्या नाकापर्यंत येत नाही, रात्रीच्या मतलई वाऱ्याशीही त्याची गाठ पडत नाही. जमिनीवरचा सल्फर डायऑक्साइडचा आकडा 24 तासांच्या, घनमीटरला 80 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेकडे सरकू लागला, तर आधी किनाऱ्यावरचा कोळशाचा धूर आणि नांगरलेली जहाजं तपासा.