साजाच्या पानांसाठी सहा इंची पाटी

कोल्हापुरात गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, दोन सराफांना मी दागिन्यांची डिझाइन्स काढून देते. आजवर बटर पेपर, टू-एच पेन्सिल आणि फुटपट्टी एवढ्यावर भागत होतं. आता गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसून व्हॉट्सॲपवर कोल्हापुरी साज, म्हणजे सोन्याची नक्षीदार पानं ओवलेला गळ्यातला हार, ठरवतं. रात्री दहाला निरोप येतो, "बेलपान जरा निमुळतं करा." एका पानासाठी अख्खा कागद पुन्हा गिरवायचा म्हणजे सकाळ गेलीच. म्हणून लॅपटॉपला जोडायचा लहान ड्रॉइंग टॅबलेट घ्यायचं ठरवलं. ही एक पाटी असते, तिच्यावर खास पेन फिरवायचं आणि रेघ उमटते लॅपटॉपच्या पडद्यावर.

पहिला ऑनलाइन मागवला आणि पस्तावले. दाबाच्या पातळ्या (पेन किती दाबलंय ते ओळखायच्या पायऱ्या) भरपूर, बटणं भरपूर, म्हणून घेतला. त्याचं पेन चार्ज करावं लागायचं. एकदा लग्नाच्या साजासाठी मायलेकी समोर बसलेल्या असताना ते मधेच बंद पडलं. पुढे विंडोजचं अपडेट आलं आणि टॅबलेटला दाबच कळेना, प्रत्येक रेघ एकाच जाडीची यायला लागली. आमच्या कामात रेघेची जाडी कारागीर वाचतो. जिथे उठाव तिथे रेघ भरते, जिथे तार तिथे बारीक होते. एकसारख्या रेघेचं चित्र त्याच्या हातात देऊन काय उपयोग?

दुसऱ्या वेळी लॅपटॉप पिशवीत घातला आणि राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, त्यानं खोकी उघडू दिली. शेवटी दोन उरले, वन बाय वॅकॉम स्मॉल आणि ह्युइऑनचा एच-६४०-पी. वॅकॉमची रेखाटायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर, ह्युइऑनची १६० बाय १००. म्हणजे जवळजवळ सारखीच, पोस्टकार्डाहून थोडी मोठी. ह्युइऑनला कडेला सहा बटणं, वॅकॉमच्या पाटीवर एकही नाही. दाबाच्या पातळ्या ह्युइऑनच्या ८१९२, वॅकॉमच्या २०४८. दोन्ही पेनांना बॅटरी नाही. पाटीच्या आत तारांची जाळी असते आणि तिच्या चुंबकी क्षेत्रातूनच पेनला लागेल तेवढी वीज मिळते. एकदा होरपळल्यावर मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं.

दोन्हींवर कासव आणि चंद्र काढून पाहिले. चौपट पातळ्यांचा फरक माझ्या हाताला जाणवला नाही. जाणवलं ते इतकंच, की अगदी हलकं टेकवल्यावर रेघ उमटते का. वॅकॉमवर माझी केसासारखी रेघ पहिल्या झटक्यात आली, म्हणून तो घेतला. डावा हात कीबोर्डवर असतोच, त्यामुळे बटणांवाचून अडत नाही. ज्यांना कीबोर्ड बाजूला सारून काम करायचं असेल, त्यांनी ह्युइऑन जरूर बघावा.

आकाराचं मात्र मला आण्णांनी शिकवलं. आण्णा पेंटर. चाळीस वर्षं तालमींचे आणि दुकानांचे बोर्ड रंगवले. घरी आणल्यावर त्यांनी पाटी पुढ्यात ओढली, पेन धरलं आणि 'श्री' काढायला गेले. हात खांद्यापासून फिरला आणि पाटी संपली. "हे तुझ्या कामाचं हाय, माझ्या न्हाई," म्हणाले. "तुझं मनगाट चालतंय, माझा खांदा चालतोय. पाटीवर लिवायचं आन् बघायचं भिंतीकडं, ते येगळंच."

खरंच आहे ते. माझा लॅपटॉप साडेपंधरा इंची, त्याचा पडदा सुमारे ३४५ मिलिमीटर रुंद. पाटीवर हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावर रेघ सव्वादोन सेंटिमीटर पळते. मनगटानं चित्र काढणाऱ्याला हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. खांद्यातून अक्षर वळवणाऱ्याचा मात्र श्वास कोंडतो. त्याला वॅकॉमचा २१६ बाय १३५ मिलिमीटरचा मीडियमच हवा. बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले त्या गावात खांद्यानं काढणारे हात अजून पुष्कळ आहेत. त्यांनी स्वस्त पडतो म्हणून लहान घेऊ नये, हे मी कळकळीनं सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी खोक्यावर लिहिलेली नसते. पाटीची लांबी-रुंदी १६ ला १०, लॅपटॉपच्या पडद्याची १६ ला ९. पाटी पूर्ण पडद्यावर पसरली की हातानं काढलेलं गोल पान आडवं ताणलं जातं, रुंदीला नवव्या भागानं जास्त. मी दोन दिवस माझ्या हातालाच दोष देत होते. सेटिंगमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' चालू केलं आणि गोल गोल झाला. त्यात पाटीची उंची साडेनऊ मिलिमीटरनं वाया जाते, ती जाऊ द्यावी. विंडोजमधलं 'प्रेस अँड होल्ड' पण लगेच बंद करा, नाहीतर पेन जरा थबकलं की टोकाभोवती कडं उमटतं आणि रेघ अडते.

चित्र काढायचं सॉफ्टवेअर क्रिता, फुकट. त्यातला आरसा चालू केला की बेलपानाची डावी कड काढताना उजवी आपोआप उमटते. साजाची एकवीस पानं, दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरलं. प्रत्येक पान वेगळ्या लेयरवर, म्हणजे बटर पेपरसारख्या वेगळ्या थरावर ठेवलंय. रात्री दहाचा निरोप आता दहा मिनिटांत मार्गी लागतो. कारागिरासाठी मात्र मी अजून खऱ्या मापाची छापील प्रत काढते. पडद्यावर मोठं करून काढलेली नाजूक जाळी प्रत्यक्षात पाऊण इंचाच्या पानात मावत नाही, आणि आत लाख भरायची जागा चित्रात दिसत नाही.

पेनाचं टोक झिजतं. कड धारदार झाली की बदलावं, नाहीतर पाटीवर ओरखडे उठतात.

आण्णा परवा त्याच दुकानात जाऊन मीडियमचा भाव विचारून आलेत. मला सांगितलं नाही, दुकानदारानं सांगितलं. दसऱ्याच्या आत घ्यायचा आहे.