वामी प्रश्नावली: दहा वाक्यं नेमकी, गोची ‘अर्थ’ या शब्दात

कर्मचाऱ्यांना आपल्या कामात अर्थ वाटतो का, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत ‘वर्क अँड मीनिंग इन्व्हेंटरी’, म्हणजे वामी, सगळ्यात सुटसुटीत. मायकेल स्टेगर, ब्रायन डिक आणि रायन डफी यांनी ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. दहा वाक्यं आहेत आणि प्रत्येकापुढे १ (अजिबात खरं नाही) ते ५ (अगदी खरं) अशी खूण करायची. एका पानात मावते, हिशेब कागदावर होतो. इंदूरच्या मराठी पतसंस्थेपासून शेजारच्या पिथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या पॅकिंग लाइनपर्यंत कुठेही चालू शकते, पण इंग्रजी कागद उचलून जसाच्या तसा भाषांतरित केला तर हमखास फसते. कंपनीच्या कामासाठी वापरायची असेल तर लेखकांची लेखी परवानगी आधी घ्या. अभ्यासाला मिळते म्हणजे धंद्यालाही मिळते, असं धरून चालू नका.

आधी हिशेब, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. १, ४, ५ आणि ८ या वाक्यांची बेरीज म्हणजे काम मुळात मोलाचं वाटतं का (४ ते २०). २, ७ आणि ९ ची बेरीज म्हणजे कामातून स्वतःची आणि जगाची समज वाढते का (३ ते १५). ३, ६ आणि १० ची बेरीज म्हणजे कामाचा दुसऱ्या कोणाला उपयोग होतो असं वाटतं का (३ ते १५). तिसरं वाक्य उलटं आहे, म्हणून तिथे दिलेला आकडा ६ मधून वजा करून मगच बेरजेत धरायचा. एक्सेलमध्ये हा उलटा रकाना विसरला की सगळ्या शाखेचा निकाल बिघडतो, आणि बिघडला हे कळतही नाही.

याच तिसऱ्या वाक्याने न वाचता भरलेले कागदही पकडता येतात. सरसकट ५ वर खुणा करणाऱ्याची बेरीज ५० नाही, ४६ येते. तिसऱ्याला ५ आणि सहाव्यालाही ५ असेल, तर एकाच माणसाने ‘माझ्या कामाने फरक पडत नाही’ आणि ‘माझ्या कामाने चांगला फरक पडतो’ या दोन्हींना मान डोलावली आहे. असा कागद बाजूला ठेवा. सरसकट ३ वाले मात्र या चाळणीतून निसटतात, त्यांची बेरीज ३० येते आणि दिसायला अगदी शहाणी दिसते.

एकूण बेरीज साहेबांपुढे नेऊ नये, हे आमचं ठाम मत. दोन कागद समोर ठेवून बघा. पहिल्यावर वरच्या तीन भागांचे गुण १५, ६ आणि १२, बेरीज ३३. दुसऱ्यावर १०, १२ आणि ११, बेरीज तीच ३३. पहिल्याला काम आवडतं, लोकांच्या उपयोगी पडतं हेही पटतं, पण शिकणं थांबलंय. दुसरा भरपूर शिकतोय, पण हे काम आपलं नव्हे असं त्याला वाटतंय. पहिल्याला वेगळ्या टेबलावर बसवून बघता येईल, दुसऱ्याचं दुखणं टेबल बदलून जायचं नाही. ३३ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

आता भाषांतर. इंग्रजीतल्या ‘मीनिंग’ला मराठीत ‘अर्थ’ लिहिलं की अर्धे लोक पगाराचा विचार करतात. चूक त्यांची नाही, आपल्याकडे अर्थखातं पैशांचंच असतं. ‘सार्थकी लागलं’ म्हटलं तर प्रश्न केलेल्या कष्टांच्या फळाकडे वळतो. हिंदीत तर आणखी पंचाईत. पिथमपूरला कागद हिंदीतच द्यावा लागतो, आणि ‘मतलब’ लिहिलं की मतलबी आठवतो. पहिल्या वाक्यासाठी ‘मी करतो ते काम करण्यासारखं आहे असं मला वाटतं’ हे साधं रूप बरं पडतं. ‘करतो/करते’ दोन्ही छापा.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक. ‘माझ्या कामाने काही फरक पडत नाही’ हे मराठीत काय, हिंदीत काय, ‘मला काही वाटत नाही, चालायचंच’ असं ऐकू येतं. वर उत्तर ‘अजिबात खरं नाही’, म्हणजे नकारावर नकार. त्याऐवजी ‘मी हे काम केलं काय, न केलं काय, कोणाचं काही अडत नाही’ असं लिहा, कोणी अडखळत नाही. मात्र शब्द इतके बदलले की परदेशातल्या सरासरीशी तुलना सोडून द्यायची. ज्याने इंग्रजी पान पाहिलेलं नाही अशाकडून मराठी कागद परत इंग्रजीत करून घ्या. परत आलेल्या पानात पगार डोकावला तर तेवढं वाक्य पुन्हा लिहा.

भरून घेताना सुपरवायझर खोलीत नको. ठेकेदाराकडचे कामगार असतील तर ठेकेदाराचा माणूसही नको. नावाचा रकाना नसला तरी ‘विभाग, वय, नोकरीची वर्षं’ विचारली की सहा जणांच्या विभागात कोण कोण हे उघडच होतं. दहापेक्षा कमी कागद असतील तर त्या विभागाचा निकाल वेगळा काढू नका. दिवाळी बोनसच्या आधीचा पंधरवडा टाळा, पगारवाढीनंतरचाही. रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) आठवड्यात तर इंदूरात माणसंच सापडणार नाहीत.

सहा महिन्यांनी पुन्हा भरून घेतलं आणि सरासरी ३३ वरून ३४ झाली, तर पेढे वाटू नका. गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले ते) ७ धरलं, तर ३० जणांच्या सरासरीतच १.३ गुणांची चूक बसलेली असते.

वामीत एक मोठी उणीव आहे. सोबतच्या माणसांबद्दल एकही वाक्य नाही. इंदूरकराला हे लगेच खटकेल. इथली हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ साली बंद पडली, तरी अनंत चतुर्दशीला तिच्या नावाची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघत राहिली. पगार गेला, यंत्रं गेली, उरलं ते एकत्र राबण्याचं नातं, आणि त्याला वामीत गुण नाहीत. मार्जोलीन लिप्स-विर्स्मा आणि सारा राइट यांच्या २०१२ च्याच मोजपट्टीत इतरांशी असलेल्या एकोप्याचा वेगळा भाग आहे. ती लांब आहे, पण कारखान्यासाठी तेवढा भाग जोडून घेण्यासारखा.

दुसरी साधनं थोडक्यात. गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या बारा प्रश्नांत कामाच्या उद्देशाबद्दल एकच प्रश्न आहे, आठवा. उट्रेख्टची यूडब्ल्यूईएस (उट्रेख्ट वर्क एंगेजमेंट स्केल) कामातला उत्साह मोजते. तिच्या १७ वाक्यांच्या आवृत्तीत अर्थ आणि उद्देशाचं एक वाक्य आहे, ९ वाक्यांच्या छोट्या आवृत्तीत नेमकं तेच गळलंय. वेळ वाचवायला छोटी घेणाऱ्यांच्या हे लक्षातही येत नाही.

वामी दुखणं कुठे आहे ते दाखवते, कशाने आहे ते नाही. त्यासाठी हॅकमन आणि ओल्डहॅम यांची १९७५ ची जॉब डायग्नोस्टिक सर्व्हे, म्हणजे कामाची रचना तपासणारी प्रश्नावली, सोबत हवी. तिच्यात कौशल्यांची विविधता, पूर्ण काम हातून होणं आणि कामाचं महत्त्व यांची सरासरी काढून तिला स्वायत्ततेने आणि मग कामातून मिळणाऱ्या प्रतिसादाने गुणायचं. प्रत्येक गोष्ट १ ते ७, म्हणजे कमाल ३४३. औषधाच्या पॅकिंग लाइनवर समजा ३, २ आणि ७ आले, सरासरी ४. स्वायत्तता २, प्रतिसाद ३, गुणाकार २४. कामाचं महत्त्व ७ पैकी ७ असूनही. आता लाइन थांबवायचा आणि खराब पट्टी बाजूला काढायचा अधिकार पॅकिंगवाल्यालाच दिला आणि स्वायत्तता ४ झाली, तर तोच आकडा ४८ होतो. ‘आपलं काम किती महान’ अशी पोस्टरं भिंतीला लावून यात एकाचीही भर पडत नाही.

कागदाच्या शेवटी एक अकरावा प्रश्न आपला घाला, खाली चार कोऱ्या ओळी सोडून: ‘गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी काम करून बरं वाटलं, आणि त्या दिवशी काय झालं होतं?’ उत्तरं मराठी-हिंदीच्या खिचडीत येतील, ती तशीच टाइप करून घ्या, शुद्ध करू नका. टाइप करणारा माणूस मात्र बाहेरचा हवा, आपल्या ऑफिसातला अक्षर लगेच ओळखतो.