हवामान यंत्र आणि त्याचं ॲप: दिंडोरीच्या द्राक्षबागेतला आठ महिन्यांचा अनुभव

सप्टेंबरअखेर एका नव्या ॲग्री-स्टार्टअपचं हवामान यंत्र आमच्या अडीच एकर थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत बसवलं. सोबत वर्षाच्या वर्गणीचं ॲप. गोडी छाटणी (घडांसाठीची) ८ ऑक्टोबरला झाली, माल निघाला, त्यानंतरची खरड छाटणीही उरकली. आता निवांत लिहितो.

खरं काम यंत्राचं आहे. खांबावर पर्जन्यमापक, तापमान-आर्द्रतेचे सेन्सर, आणि वेलीच्या पानांत खोचलेली एक चपटी पट्टी. पान किती तास ओलं राहिलं, ते ही पट्टी सांगते. डाऊनी या बुरशीच्या रोगाला ओलं पान लागतं, त्याला दवही पुरतं. २७ ऑक्टोबरच्या पहाटे आभाळ स्वच्छ होतं. नाना म्हणाले, "पाऊस नाही न् काही नाही, फवारणीचा ब्लोअर कशाला काढतोस?" मोबाईलवर आलं होतं, पान सात तास ओलं. बॅटरी घेऊन बागेत गेलो, तर चार-पाच पानांवर आलेल्या फुटी हाताला ओल्याचिंब लागल्या. फवारलं. दहाएक दिवसांनी बांधापलीकडच्या बागेत पानांवर तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसायला लागली. आमच्याकडे तुरळक. नोव्हेंबरात मात्र दोनदा ढगाळ असूनही पान कोरडं होतं, म्हणून फवारणी टाळली. हंगामात चार फवारण्या वाचल्या.

पान किती वेळ ओलं आणि तापमान किती, यावरून रोगाचा धोका ओळखायची युक्ती जुनीच आहे. सफरचंदावरच्या स्कॅब रोगासाठी अमेरिकेत मिल्स या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये तसा तक्ताच मांडला होता. नवं हे, की आता तो हिशोब माझ्या बागेतल्या पानावर होतो. आमचा प्लॉट ओढ्याकाठी, खोलगट. तालुक्याचा अंदाज तिथं कधी लागूच पडला नाही. याला मी मनापासून नवनिर्मिती म्हणेन.

एक अडचण आली. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) थर बसला आणि पट्टी दोन दिवस 'ओलं' दाखवत राहिली. फोन केला तर "सिस्टीम नॉर्मल आहे". शेवटी ओल्या फडक्यानं पुसली. आता प्रत्येक फवारणीनंतर पुसतो.

ॲपबद्दल मात्र राग आहे. डिसेंबरपासून रोगाचा इशारा उघडला की खाली औषध आणि 'कार्टमध्ये टाका'. पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणीत ठेवायचं अंतर, किती दिवसांचा, ते कुठंच नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली, ती झळ ज्यांनी सोसली त्यांना असं दाखवता? सल्ला देणारा आणि विकणारा एकच, हे कृषी सेवा केंद्रात आधीपासून आहेच. तिथं निदान माल निघेपर्यंत उधारी मिळते. वेबवर शेतकऱ्यासाठी खरं नवं काय करता येतं, ते अपेडा या सरकारी शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या वेब-नोंदणीनं २००६ मध्येच दाखवलंय: युरोपात गेलेली पेटी कुठल्या नोंदणीकृत बागेची, हे शोधता यायला लागलं.

सप्टेंबरात वर्गणी संपते. कंपनीला लिहून दिलंय की यंत्राचे पैसे घ्या, वाटल्यास थोडे वाढवून घ्या, पण इशाऱ्याखालचं दुकान काढा. उत्तर यायचंय.