शो-ट्रक बांधून घेताना माझी झालेली फसवणूक

माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपची खास बांधणी करून देण्याचे काम ज्या वर्कशॉपने घेतले, त्याने माझ्याच गाडीचा जुना मागचा ॲक्सल घासून, रंगवून, अधिक दणकट ॲक्सल म्हणून पुन्हा मलाच विकला. बाकीची फसवणूकही याच जातीची होती. जे डोळ्यांना दिसते ते सगळे झगझगीत होते, आणि जे रंगाखाली, कव्हरच्या आत किंवा छताच्या पत्र्याला टेकून लपते ते निकृष्ट होते किंवा मुळात केलेलेच नव्हते. या धंद्यात ग्राहक नेमका कुठे नागवला जातो हे इतरांना पैसे देण्याआधी कळावे, म्हणून सगळा तपशील इथे देत आहे. तक्रारीचा निकाल अजून लागलेला नसल्याने वर्कशॉपचे नाव देत नाही.

काम लेखी ठरले होते. मागे डाना ६० (डाना कंपनीचा जड प्रकारचा) ॲक्सल, त्यात हवेच्या दाबावर चालणारा लॉकर (गरज पडली की मागची दोन्ही चाके एकत्र बांधणारी यंत्रणा), पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये ४.५६ गुणोत्तराचे क्राउन-पिनियन (चाकांना जोर देणारी मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी), ३५ इंची टायर, टायरची कड आवळून धरणाऱ्या बीडलॉक रिम, वेगळी टाकी असलेले शॉक ॲब्सॉर्बर आणि केबिनमध्ये ४५ मिलिमीटर व्यासाच्या, २.५ मिलिमीटर जाडीच्या अखंड नळीचा रोल केज (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा पोलादी सांगाडा), असे त्या कागदावर स्पष्ट नमूद होते. गाडी प्रदर्शनातही मांडायची होती आणि खडकाळ वाटांवर चालवायचीही होती, त्यामुळे दिखावा आणि ताकद या दोन्हींचे पैसे मी मोजत होतो.

सुरुवातीला ‘मालाचे पैसे’ म्हणून मोठी उचल घेतली गेली आणि पुढचे हप्ते फोटो दाखवून मागितले गेले. हे फोटो इतक्या जवळून काढलेले असत की वेल्डिंग दिसे, पण ते कोणत्या गाडीचे आहे हे समजत नसे. त्यांतले काही दुसऱ्याच गाडीचे होते, हे चासीवरच्या ब्रॅकेटची जागा ताडून पाहिल्यावर नंतर उघड झाले. प्रत्यक्ष येऊन पाहतो म्हटले की रंगकाम चालू आहे, धूळ चालणार नाही, असे उत्तर मिळे. नव्या ग्राहकाच्या उचलीतून जुन्या ग्राहकाची अडलेली गाडी पूर्ण करायची आणि नव्याला टोलवत ठेवायचे, अशा चक्रावर हे वर्कशॉप चालत होते. तिथे अडकलेल्या इतर ग्राहकांशी बोलल्यावर प्रत्येकाच्या हप्त्यांची कहाणी अगदी सारखी निघाली.

गाडी ताब्यात आली तेव्हा तिचा रंग आणि बैठक पाहून कोणीही वाहवा केली असती. पहिली शंका आली ती कोरड्या डांबरावर गाडी पूर्ण वळवताना. लॉकरचे बटण बंद असूनही मागचा आतला टायर किंचाळत घासला जात होता आणि गाडी वळायला अडत होती. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि हा फरक सांभाळण्याचे काम डिफरन्शियल करते. हवेच्या लॉकरचा सगळा फायदाच हा, की बटण बंद असेपर्यंत डिफरन्शियल नेहमीसारखे मोकळे राहते आणि चिखलात किंवा खडकावर एक चाक अधांतरी झाले की बटण दाबून दोन्ही चाके एकत्र बांधता येतात.

म्हणून गाडी दुसऱ्या एका अनुभवी मेकॅनिककडे नेली. त्यांनी गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना अडण लावले, मागची दोन्ही चाके जॅकने उचलून चासी स्टँडवर टेकवली, गिअर न्यूट्रल केला आणि लॉकरचे बटण बंद ठेवून एक चाक हाताने फिरवले. डिफरन्शियल मोकळे असते तर दुसरे चाक उलट दिशेने फिरले असते. इथे ते त्याच दिशेने फिरले आणि सोबत प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जोर नेणारा दांडाही) फिरला. मग बटण चालू केले. कॉम्प्रेसरचा आवाज आला, दिवा लागला, पण काहीच बदलले नाही. हवेची बारीक निळी नळी हातात धरून मागे नेली, तर ती हाउसिंगच्या (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) मागच्या बाजूला एका क्लिपमध्ये अडकवून तिचे तोंड बुचाने बंद केलेले होते. कव्हर उघडल्यावर लॉकरचा मागमूसही नव्हता. आतले चारही छोटे गिअर एकमेकांना वेल्ड केलेले होते आणि तेलात वेल्डिंगचे बारीक कण चमकत होते.

वेल्ड केलेले डिफरन्शियल हा स्वतः काही गुन्हा नाही. केवळ खडकांवर किंवा चिखलात चालणाऱ्या गाड्यांमध्ये काही लोक ते जाणूनबुजून करतात, कारण ते अतिशय स्वस्त पडते. परंतु रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत त्यामुळे टायर झिजतात, हाफ शाफ्टवर (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) सतत पीळ पडतो आणि ओल्या वळणावर मागची बाजू घसरू शकते. असे काम करून त्यावर खोटे बटण, खोटा दिवा आणि कशालाच न जोडलेली हवेची नळी बसवणे ही ठरवून केलेली धूळफेक आहे. ती नळी नीटनेटकी क्लिपमध्ये बसवणाऱ्या माणसाला आपण काय करत आहोत हे पूर्ण ठाऊक होते, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच येते.

चाके वर असतानाच गुणोत्तरही तपासले. दोन्ही चाके वेल्डिंगमुळे एकत्र फिरत असल्याने हिशेब सोपा होता: चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की प्रोपेलर शाफ्टचे साडेचारपेक्षा किंचित जास्त फेरे व्हायला हवे होते. ते पावणेचारही पूर्ण भरले नाहीत. क्राउन व्हीलवर ४१ आणि पिनियनवर ११ दात होते, म्हणजे कंपनीने दिलेले मूळचे ३.७३. गुणोत्तर ४.५६ हवे असेल तर ४१ दातांसमोर ९ दातांचे पिनियन लागते. पुढच्या ॲक्सलमध्येही हीच जुनी जोडी राहू दिली होती. त्यामुळे पुढचे-मागचे जुळत होते, चारही चाकांना जोर दिल्यावर गाडी अडखळत नव्हती आणि शंकेला वाव उरत नव्हता. मूळ टायर सुमारे २९ इंची होते. त्यांच्या जागी ३५ इंची टायर लावून गिअर तसेच ठेवले की ३.७३ चे काम जेमतेम ३.०९ इतके उरते, चढावर गाडी दम टाकते आणि क्लच वारंवार घासावा लागतो. शिवाय स्पीडोमीटर ५० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६० ने धावत असते, आणि ही दुरुस्तीही झालेली नव्हती.

आता त्या ॲक्सलविषयी. डाना ४४ या हलक्या प्रकारच्या क्राउन व्हीलचा व्यास साधारण साडेआठ इंच आणि डाना ६० च्या क्राउनचा पावणेदहा इंच असतो. कव्हर मात्र दोन्हींचे दहा बोल्टांचेच, त्यामुळे नुसते बोल्ट मोजून ओळख पटत नाही. ओतकामाच्या वेळी हाउसिंगवर उमटवलेला आकडा पाहावा लागतो. माझ्या हाउसिंगवर त्या जागी ग्राइंडरने सपाट केलेला चकचकीत पट्टा होता आणि त्यावर काळ्या पावडर कोटिंगचा जाड थर होता. मेकॅनिकने क्राउन मोजले, ते डाना ४४ चे निघाले. तेवढ्यात मला आठवले की माझ्या मूळ ॲक्सलच्या डाव्या नळीवर, पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीजवळ, फार पूर्वी पितळी झाळ देऊन एक छोटा ब्रॅकेट जोडलेला होता. त्या जागेवरचा रंग पात्याने खरवडला आणि खालून पिवळे पितळ दिसले. ब्रॅकेट कापून टाकला होता, झाळ तशीच राहिली होती. ‘जुना ॲक्सल बदलीत जमा केला’ असे बिलावर लिहून त्याची वजावटही दाखवली होती, म्हणजे खोटेपणाला हिशेबाचीही जोड होती.

मोठ्या टायरला दणकट ॲक्सल का लागतो, हे या छंदातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. बॉब चँडलर यांचा १९७४ च्या फोर्ड एफ-२५० पिकअपपासून घडलेला बिगफूट हा याचे ठळक उदाहरण आहे. टायर मोठे होत गेले तसे मूळ भाग टिकेनात, आणि शेवटी लष्करी ट्रकचे जड ॲक्सल वापरावे लागले. टायरचा व्यास आणि वजन वाढले की शाफ्टवर येणारा पीळ वाढतो, आणि खडकात अडकलेल्या चाकाला जोर दिला की सर्वांत दुबळा भाग तुटतो. माझ्याबाबतीत जड टायर, जुना हलका ॲक्सल आणि वेल्ड केलेले डिफरन्शियल हे तिन्ही एकत्र आले होते.

रोल केजची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण गाडी उलटली तर माणसाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. करारात लिहिलेले माप मी मनाने ठरवलेले नव्हते. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० मिलिमीटर व्यास आणि २ मिलिमीटर जाडी, अशी अखंड, थंड अवस्थेत ओढून तयार केलेली पोलादी नळी मागितलेली आहे. माझ्या केजचा व्यास बरोबर होता, कारण तो बाहेरून मोजता येतो. जाडी बाहेरून दिसत नाही. अल्ट्रासोनिक जाडीमापक लावल्यावर ती १.६ मिलिमीटर भरली, आणि एका जोडनळीच्या उघड्या टोकातून बोट आत घातल्यावर वेल्डच्या शिवणीची सलग कड हाताला लागली. दारे-खिडक्यांच्या जाळ्यांना वापरतात तसली शिवणीची नळी होती ती.

छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन छताच्या बाजूचे सांधे पाहिले तेव्हा आणखी कळले. कमान छताच्या पत्र्याला इतकी चिकटून बसते की वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. प्रामाणिक कारागीर यासाठी छत काढतो, किंवा तळाला भोके पाडून कमान तात्पुरती खाली उतरवतो, वरचा वेल्ड पूर्ण करतो आणि मग कमान वर उचलून पाय जोडतो. इथे दिसणाऱ्या अर्ध्या भागालाच वेल्ड होता आणि उरलेल्या फटीत सीलंट भरून वर रंग मारला होता. नख लावल्यावर तो रबरासारखा दबला. कमानीचे पाय तर थेट तळाच्या पातळ पत्र्यावर उभे केले होते. एफआयएच्या नियमानुसार तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची मजबुतीची प्लेट लागते. ती नसेल तर गाडी उलटताना पाय पत्रा फाडून खाली जाऊ शकतो आणि केज असूनही छत खाली येते. एवढे असूनही बाहेरून दिसणारे वेल्ड ग्राइंड करून, पुट्टी भरून गुळगुळीत केले होते, आणि प्रदर्शनात लोक नेमके त्याचेच कौतुक करतात. ताकदीच्या सांध्यावरचा वेल्ड घासून सपाट करणे म्हणजे त्याची जाडी कमी करणे होय, आणि वर पुट्टी असेल तर खाली काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. बीडलॉक रिमवरचे बोल्ट केवळ शोभेचे होते; खऱ्या बीडलॉकमध्ये टायरची बाहेरची कड रिम आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये आवळली जाते, म्हणून हवा अगदी कमी ठेवली तरी टायर निघत नाही, तर इथे टायर नेहमीसारखा आतच बसलेला होता. शॉक ॲब्सॉर्बरच्या दोन टाक्यांना जोडलेल्या नळ्या आतून बंद होत्या. ‘नवीन’ टायरच्या बाजूवरील चार आकड्यांवरून, ज्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, ते कित्येक वर्षे पडून असल्याचे दिसले. सस्पेन्शनच्या काही बोल्टांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा कोणताच दर्जा नव्हता.

वर्कशॉपच्या मालकासमोर हे सगळे ठेवल्यावर आधी ‘कामगाराची चूक’, मग ‘माल मिळत नव्हता’, आणि शेवटी ‘गाडी तुम्ही दुसरीकडे उघडली, त्यामुळे आमची जबाबदारी संपली’ अशी उत्तरे आली. हे शेवटचे वाक्य ठरलेले असते, म्हणून तपासणाऱ्या मेकॅनिककडून गाडी उघडण्यापूर्वीपासूनचा सलग व्हिडिओ आणि मापांचा सही केलेला अहवाल घ्यावा. माझी तक्रार आज त्याच दोन गोष्टींवर उभी आहे.

ज्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे त्यांनी करारात एक अट अवश्य घालावी: केज, चासी आणि ॲक्सल यांचे वेल्डिंग झाल्यावर, प्रायमरचा पहिला हात मारण्याआधी, उघडे लोखंड प्रत्यक्ष पाहून मगच पुढचा हप्ता दिला जाईल. चांगल्या कारागिराला ही अट आवडते, कारण आपला उघडा वेल्ड दाखवण्यात त्याला अभिमान असतो. ॲक्सल, लॉकर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) यांसारखे महाग भाग विक्रेत्याला थेट पैसे देऊन आपल्या नावच्या बिलावर घ्यावेत, त्यांचे क्रमांक उतरवून ठेवावेत आणि आपल्या जुन्या भागांवर गाडी सोपवण्यापूर्वी सहज न दिसणाऱ्या जागी पंच या टोकदार हत्याराने ठोकून खूण करावी. काढलेले भाग परत मिळतील असेही लिहून घ्यावे. एरवी ते भंगारात गेल्याचे सांगून विकले जातात किंवा, माझ्यासारखे, पुन्हा आपल्याच माथी मारले जातात.

आणि अशी गाडी आधीच घरी आली असेल तर ती पुढे चालवण्याआधी चासी उचलून चारही चाके पूर्ण खाली लोंबू द्या आणि ब्रेकचे होज (तेलाच्या लवचीक नळ्या) पाहा. गाडी उंच केल्यावर लांब होज बसवावे लागतात. माझ्या गाडीत जुनेच ठेवले होते आणि मागचा मधला होज चाके लोंबताच तारेसारखा ताणला जात होता. एखाद्या खड्ड्यात तो तुटला असता तर मागचे ब्रेक तत्क्षणी गेले असते. त्यानंतर पुढची चाके डावी-उजवीकडे पूर्ण वळवून टायर कुठे होजला किंवा चासीला घासतो का ते पाहा, स्टीअरिंगच्या सांध्यांना कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिना) आहेत का ते पाहा, आणि मग केजकडे वळा.