प्रवाळावर दिवसा उतरायचं की रात्री? मालवण, अंदमान आणि मालदीव

दिवाळीच्या सुटीत स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं जग पाहणं, करायचं ठरवणारे नाशिककर बहुतेक एकाच गोष्टीवर खल करतात: जायचं कुठे. दिवसा उतरायचं की रात्री, हा प्रश्न तितकाच मोठा आहे, कारण एकाच प्रवाळावर या दोन वेळी दोन वेगळी जगं दिसतात. माझं मत आधीच सांगते. नीट पोहता येत असेल तर रात्रीचा अनुभव घ्याच, पण त्याच जागी दिवसा उतरून झाल्यावर.

दिवसा मिळतो तो विस्तार. स्वच्छ पाण्यात प्रवाळाचा उतार दूरवर दिसतो, माशांचे थवे दिसतात आणि किनारा कुठल्या बाजूला आहे ते कळत राहतं. प्रवाळ मात्र या वेळी बरंचसं मिटलेलं असतं. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं.

अंधार पडला की प्रवाळातले बारीक जीव आपले शुंडक, म्हणजे सोंडेसारखे बारीक अवयव, बाहेर काढतात आणि पाण्यातले तरंगते सूक्ष्म प्राणी पकडू लागतात. दिवसा दगडासारखा वाटलेला भाग रात्री मऊ, केसाळ दिसतो. प्रवाळ हा प्राणी आहे हे शाळेत शिकलेलं असतं, पण पटतं ते हे पाहिल्यावरच. शेवंड, खेकडे आणि ऑक्टोपस कपारींतून बाहेर पडतात. पोपटमासे फटींत झोपलेले असतात. त्यांच्या काही जाती झोपताना अंगाभोवती चिकट, पारदर्शक आवरण तयार करतात. रंगही रात्री जास्त खरे दिसतात. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाणी सर्वांत आधी शोषून घेतं, त्यामुळे थोडं खोल गेलं तरी सगळं निळसर होतं. टॉर्च जवळून मारला की तोच लाल रंग उजळून निघतो.

याची किंमतही आहे. टॉर्चच्या झोताबाहेर काहीच दिसत नाही. उजेडाकडे पाण्यातले बारीक किडे झेपावतात, त्यात कधी चटका देणारे जीवही असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख हवाच. लहान मुलं आणि पाण्याला बिचकणारी माणसं यांच्यासाठी दिवसच बरा, त्यात कमीपणा काही नाही.

आता जागा. मालवण आपल्याला सर्वांत सोपं: विमान नको, भाषा आपली, आणि पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून, ट्यूब धरून पाण्यात डोकावता येतं. तिथलं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे. पण तिथली सगळी व्यवस्था दिवसाची आहे, आणि पाणी किती नितळ मिळेल ते त्या दिवसाच्या दर्यावर अवलंबून. पहिल्यांदा मास्क लावणाऱ्याने इथून सुरुवात करावी. रात्रीसाठी मालवण निवडू नका.

अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, दिवसाच्या स्नॉर्केलिंगला मालवणपेक्षा कितीतरी सरस आहे. बेटं पूर्वेला आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जेवणाआधी हाताशी लांबलचक रात्र असते. तरीही इथे आपल्या आपण अंधारात पाण्यात शिरू नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉकलाच स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाण्याचं, प्रशिक्षण घेतलेल्यांनी डाइव्हिंग केंद्रामार्फत रात्रीचा डाइव्ह करावा. बाकीच्यांसाठी रात्रीची कयाक सफर आहे: वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं, आणि अंगही ओलं करावं लागत नाही.

रात्रीच्या स्नॉर्केलिंगसाठी माझी पसंती मालदीवला. कारण साधं आहे. तिथल्या अनेक बेटांना किनाऱ्यालगतच प्रवाळ असतं, त्यामुळे दुपारी ज्या वाटेने उतरलात त्याच वाटेने, वाटाड्यासोबत, रात्री उतरता येतं. होडी नाही, अनोळखी जागा नाही. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण सगळीच बेटं अशी नाहीत. काहींभोवती नुसतं वाळूचं उथळ पाणी असतं. म्हणून खोली घेण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट विचारा: प्रवाळ किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे, आणि रात्री सोबत माणूस देता का. तिथलं प्रवाळ 1998, 2016 आणि 2024 मध्ये तापलेल्या पाण्याने पांढरं पडलं होतं, हेही ठाऊक असू द्या. जे उरलं आहे त्याला पायातली फिन (पोहण्याची वल्ही) लागू न देणं ही आपली जबाबदारी आहे. लक्षद्वीपही सुंदर आहे, पण प्रवेश परवान्यासाठी बराच आधी अर्ज करायला हवा. दिवाळीला निघायचं आणि दसऱ्याला ठरवायचं, हे तिथे जमत नाही.

तयारी इथेच होते. त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावात किंवा जवळच्या कुठल्याही तलावात, परवानगी काढून, मास्कमध्ये पाणी शिरू देऊन ते नाकाने फुंकून काढायचा सराव करा. रात्री मास्क भरला आणि ते जमलं नाही, तर घाबरगुंडी उडते. प्रत्येकाकडे दोन टॉर्च असावेत आणि झोपलेल्या माशाच्या डोळ्यांवर झोत धरू नये.

तारीख मात्र कोकणातल्या कोळ्यांसारखी तिथी पाहून ठरवा. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे काळोख दाट आणि समुद्राला उधाण. अंदमानची चमक पाहायला हे दिवस उत्तम. स्नॉर्केलिंगला मात्र भाऊबीज घरी करून निघावं: कार्तिक शुद्ध अष्टमी-नवमीला भांगाची, म्हणजे सौम्य, भरती असते, ओढ कमी असते आणि संध्याकाळी डोक्यावर अर्धा चंद्र असतो.