उत्प्रेरणाचा प्रयोग: मँगनीज डायऑक्साइड की बटाटा?

वर्गात उत्प्रेरण, म्हणजे एखाद्या पदार्थाने स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणे, दाखवताना हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड टाकावी की बटाट्याची फोड, असा पेच एका शिक्षिकेला पडला आहे. ३ टक्के द्रावण दोन्हींना पुरते आणि दोन्हींत पाणी व ऑक्सिजनच तयार होतात. खर्चात बटाटा सरस आहे, कारण त्यातील कॅटलेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे सजीवांतील उत्प्रेरक) कच्च्या फोडीतूनच मिळते. काळी पूड मात्र विकत आणावी लागते आणि हातालाही लागते. टिकाऊपणात नेमके उलट आहे. पूड गाळून, धुऊन, नीट वाळवून तोलली, तर वजन जवळपास तेवढेच भरते, आणि स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३५ मध्ये ज्या संकल्पनेला नाव दिले तिचा गाभा, म्हणजे उत्प्रेरक अभिक्रियेत खर्ची पडत नाही हे, मुलांना प्रत्यक्ष दिसते. फोडीबाबत असा ताळा घेता येत नाही. मात्र उकडलेल्या बटाट्यावर फेस येत नाही, कारण उष्णतेने विकराची रचना मोडते. मला तरी हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. वस्तुमानाचा मुद्दा शिकवायचा असल्यास मँगनीज डायऑक्साइड घ्यावे. जीवशास्त्राशी सांधा जोडायचा असल्यास, किंवा शाळेत अचूक तराजूच नसल्यास, बटाटा घ्यावा.