केंब्रिज फेस मेमरी टेस्ट : गुणांबाहेर राहणारे चेहरे

मानसशास्त्रज्ञ ब्रॅड डुशेन आणि केन नाकायामा यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली, चेहरे लक्षात ठेवण्याची ही चाचणी मी नुकतीच संगणकावर सोडवली. सहा अनोळखी पुरुषांचे चेहरे तीन बाजूंनी, दर वेळी तीन सेकंद दाखवले जातात आणि एकूण ७२ प्रश्नांत तीन चेहऱ्यांमधून पाहिलेला चेहरा निवडायचा असतो. पहिले १८ प्रश्न सोपे जातात. पुढे प्रकाश आणि कोन बदलतात, तर शेवटच्या २४ प्रश्नांत चित्रांवर दाणेदार धूसरपणा पसरलेला असतो. केस दिसत नाहीत, चेहऱ्यांवर भाव नसतो, त्यामुळे अखेरीस मी केवळ भुवयांची ठेवण आणि हनुवटीची रुंदी यांच्या आधारे उत्तरे देत होतो.

चेहरे ओळखता न येण्याची अडचण हेरण्यासाठी ही चाचणी विश्वासार्ह आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र तिचे गुण म्हणजे आपली रोजच्या व्यवहारातली स्मरणशक्ती, असे मानणे मला पटत नाही, कारण समोरची व्यक्ती आपण कोणत्या गटात घालतो यावर आपण तिच्याकडे किती बारकाईने पाहतो हे पुष्कळ अंशी ठरते. डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांच्या १९९८ च्या प्रयोगात रस्ता विचारणारा अनोळखी माणूस, मधून दरवाजा वाहून नेला जात असताना, बदलला गेला. रस्ता सांगणाऱ्या १५ पैकी फक्त ७ जणांच्या ही अदलाबदल ध्यानात आली आणि हे सातही जण विचारणाऱ्यांच्याच वयाचे विद्यार्थी होते. पुढे विचारणाऱ्यांनी बांधकाम मजुरांचे कपडे घातले, तेव्हा १२ विद्यार्थ्यांपैकी केवळ ४ जणांना बदल कळला. समोर मजूर आहे एवढे ठरल्यावर चेहरा पाहण्याची गरजच उरली नव्हती, ही बाब मला अस्वस्थ करते. २००७ मध्ये बर्नस्टाइन, यंग आणि ह्यूगनबर्ग यांनी दाखवले की, एकाच वंशाच्या चेहऱ्यांपैकी ‘आपल्या विद्यापीठातले’ म्हणून सांगितलेले चेहरे अधिक चांगले लक्षात राहतात.

या चाचणीतले सर्व चेहरे गोऱ्या पुरुषांचे आहेत. ज्यांचा वावर अशा चेहऱ्यांमध्ये नसतो, त्यांचे गुण क्षमता असूनही कमी येऊ शकतात. म्हणूनच चिनी चेहऱ्यांची स्वतंत्र आवृत्तीही तयार झाली. मी जिथे चाचणी दिली, त्या संकेतस्थळावर निकालाशेजारी याचा साधा उल्लेखही नव्हता. तो आधी करावा, आणि कमी गुण मिळालेल्यांनी आपल्या परिचयाच्या चेहऱ्यांची आवृत्ती सोडवून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.